मालवणचा स्थापना दिन: करायचा तर कधी आणि कुणासाठी?

बंदरावरचा

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपला सिंधुदुर्ग आहे. अभिनंदनाचे फलक लागले, पावसात भिजले, उतरले. माझं म्हणणं असं की आता मालवणचा म्हणून एक दिवस ठरवावा आणि तो सगळ्या वाड्यांनी मिळून करावा. तारीख शोधायलाही जायला नको. कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला तो 25 नोव्हेंबर 1664 रोजी. बाजारपेठ, बंदर, मेढा हा सगळा पसारा त्या किल्ल्याच्या आधाराने वाढला. मग तोच गावाचा स्थापना दिन धरायला काय हरकत आहे?

कार्यक्रम म्हणाल तर सकाळी जेटीवरून होड्या सोडायच्या, त्या दिवशी फक्त मालवणकरांसाठी. आपल्यातल्या किती जणांनी शाळेच्या सहलीनंतर किल्ला आतून पाहिलाय? पाहुणे आले की त्यांना होडीत बसवून देतो आणि आपण जेटीवर शहाळं पीत उभे राहतो. आत गेल्यावर महाराजांच्या देवळात शिवराजेश्वराला गाऱ्हाणं घालायचं, तटावरून एक फेरी मारायची, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी पोरांना दाखवायच्या. खारट दर्याच्या मध्यावर गोडं पाणी कसं, ते त्यांनी स्वतः ओंजळीत घेऊन बघावं. दुपारी ज्या त्या वाडीने आपापल्या अंगणात पंगत घालायची. रात्री दशावतार. व्यासपीठ नको, पाहुण्यांच्या शाली नकोत, डीजे तर नकोच.

दांडीवरची

तटावरून फेरी, बावडीचं पाणी, सगळं छान आहे. पण 25 नोव्हेंबर ही तारीख काढताना एकाही रापणकाराला, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याला, विचारलंत का? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. त्यानंतर नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या कुणाला जवळ घेत नाही. पुढे गणपती, पितृपक्ष. पाणी निवळून मासळी किनाऱ्याला लागायला लागते ती दसरा-दिवाळीच्या सुमाराला. म्हणजे नोव्हेंबर हा आमच्या कमाईचा महिना. त्या दिवशी होड्या वर ओढून ठेवा असं सांगायला कोण येणार, तुम्ही?

आणि आम्हाला गावाचा दिवस आहे की. नारळी पौर्णिमेला बंदरावर उभं राहायला जागा नसते. नारळ लढवायला आमच्या वाडीतल्या बायका दोन दिवस आधीपासून नारळ निवडतात. कानाशी धरून वाजवून बघायचा, नखाने टोकरायचा, कवटी कुठे जाड आहे ते बोटाने चाचपायचं आणि मग 'ह्यो माझो' म्हणून पदरात टाकायचा. ह्याला कुणाची वर्गणी लागत नाही, पत्रिका लागत नाही. चालत आलेलं सोडून नवीन कशाला?

वद्य द्वितीया

मूळ तारखेवरच माझी हरकत आहे. 25 नोव्हेंबर 1664 ही तारीख जुन्या, म्हणजे जुलियन दिनदर्शिकेतली. आज आपण भिंतीवर लावतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरप्रमाणे तो दिवस 5 डिसेंबर 1664 येतो. दहा दिवसांचा फरक. 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीचीही हीच गोष्ट आहे, आणि तिथी की तारीख हा वाद त्या बाबतीत अजून मिटलेला नाही. तिथीने पाहायचं तर मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके 1586.

तिथी धरा म्हणावं तर 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे पुढचे सगळे महिने लांबतात आणि मार्गशीर्ष वद्य द्वितीया नाताळाच्या ऐन गर्दीत येते. त्या आठवड्यात भरडावरून बंदरापर्यंत गाडी न्यायला किती वेळ लागतो ते ज्याला माहीत नाही, त्यानेच ही तिथी सुचवावी.

दुसरं, पाया घातला तो किल्ल्याचा. गावाचा नव्हे. बेटासमोर किनाऱ्यावर आधी वस्ती होतीच. महाराजांना ही जागा दाखवणारे कुठून आले असतील मग?

बंदरावरचा

द्वितीयाजी, वस्ती होती हे कबूल. पण होळी-नारळीला जमणारी वस्ती वेगळी आणि ज्याच्या बंदरात दूरदूरची गलबतं लागतात ते शहर वेगळं. इंग्रजांनी 1765 मध्ये किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, ते काय चार झोपड्यांसाठी? पुढे तो परत सोडावा लागला हा भाग निराळा. 1812 मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण इंग्रजांकडे गेलं, तेव्हाही घेणाऱ्याच्या डोळ्यासमोर किल्ला आणि बंदरच होतं.

दांडीवरच्या ताई, होड्या ओढा असं मी कुठे म्हटलं? ज्याला जमेल तो येईल.

दांडीवरची

ज्याला जमेल तो येईल म्हणजे दुकानदार येणार, मास्तर येणार, हॉटेलवाले येणार. ज्यांच्या पणजोबांनी त्या किल्ल्यापुढे गलबतं हाकली, ते पहाटे जाळं घेऊन समुद्रात. आणि फोटोखाली लिहिणार 'समस्त मालवणवासीय'.

दादरचो चाकरमानी

आम्हाला कोण विचारणार? वर्गणीची पावती फाडायची झाली की पहिला फोन मुंबईला येतो, तारीख मात्र नोव्हेंबरातली ठरते. तेव्हा दिवाळीची रजा नुकतीच संपलेली असते आणि मुलांच्या शाळा सुरू असतात. मे महिन्यात करा. 1 मे घ्या, सुट्टी आहे, आंबा-फणस आहे, घरं माणसांनी भरलेली असतात.

मेढ्यातला मास्तर

1 मे हा महाराष्ट्र दिन. शिवाय 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला, म्हणजे तो फार तर जिल्ह्याचा वाढदिवस. मालवणाने तो आपल्या नावावर करून घेतला तर कणकवली, कुडाळ, सावंतवाडीवाले काय म्हणतील ते मी इथे लिहीत नाही. आणि मे महिन्यात गावभर पंगती घालायच्या तर बाबा, विहिरींचे तळ दिसत असतात. पाण्याचा टँकर दादरहून पाठवणार असशील तर बोल.

दादरचो चाकरमानी

मास्तरानू, टँकराचा बिल पाठवा. माझा म्हणणा एकच, आमका धरून ठरवा.

देऊळवाडा

सगळे वाचतोय. दिवाळी पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी निघते तेव्हा हे स्थापना दिनवाले कुठे असतात? देव स्वतः गावाची फेरी करतो, वाटेत दारोदारी रांगोळ्या, पणत्या, ओवाळायला थांबलेली माणसं. त्याहून मोठा गावाचा उत्सव तुम्ही कोणता करणार?

आणि हे तारीख-तारीख काय लावलंय? आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ना तिथीने होते ना तारखेने. देवीला विचारायचं, ती सांगेल तो दिवस. तो जाहीर झाला की मुंबईतली माणसं रेल्वेची तिकिटं काढायला धावतात, साहेबाकडे रजा मागतात, येतात म्हणजे येतात. तिथे जुलियन-ग्रेगोरियन कुणी काढत नाही. तुम्हाला दिवस हवाच असेल तर रामेश्वराला कौल लावा. उजवा मिळाला तर करा, डावा मिळाला तर गप्प बसा.

मेढ्यातला मास्तर

पालखीला मी लहानपणापासून जातो, अजूनही जातो. पण गावात मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत. पाडव्याला त्यांतले पुष्कळ जण रस्त्यावर असतातही, शेजारधर्म म्हणून, हौस म्हणून. तरी तो देवाचा उत्सव आणि त्यात ते पाहुणे. बंदरावरचा म्हणतो त्या दिवशी कुणीच पाहुणा नसावा, एवढं मला त्यात पटलं. कौल देवाचा, त्याचा मान आहे, पण ज्याचा तो देव नाही त्याला तुम्ही त्या कौलाने बांधणार कसं?

मला वेगळीच शंका आहे. रात्री दशावतार असं सहज लिहून टाकलंय. कार्तिक-मार्गशीर्षात जत्रांचा हंगाम असतो. आज या गावचा दहीकाला, उद्या त्या गावचा. कंपनीचा टेम्पो एका देवळातून निघतो तो पहाटेच, तोंडावरचा रंग धड उतरलेला नसतो, आणि दुपारी दुसऱ्या देवळाच्या आवारात पेटारे उतरतात. त्यांच्या जत्रांच्या रात्री ठरलेल्या असतात, काही गावांचं नातं तर बापजाद्यांपासूनचं. 25 नोव्हेंबर म्हणा की 5 डिसेंबर, मोकळी कंपनी मिळणं कठीण. मिळालीच तर ती का मोकळी आहे हा विचार करा.

तारकर्ली रोड

नमस्कार. माझा होम-स्टे आहे, त्यामुळे स्वार्थी म्हणा. पण एवढ्या चर्चेत गावाला पैसा कसा मिळेल यावर कुणी बोलत नाही. 5 डिसेंबर उत्तम आहे! 4 डिसेंबरला नौदल दिन असतो. 2023 मध्ये तो आपल्याकडे झाला तेव्हा देशभर मालवण दिसलं. त्याला जोडून दोन-तीन दिवसांचा महोत्सव करा. मालवणी जेवणाचे स्टॉल, रापण ओढायची प्रात्यक्षिकं, किल्ल्यावर ड्रोन शो. चिवल्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरात समुद्री पोहण्याच्या स्पर्धा होतातच, बाहेरून किती माणसं येतात बघा. 'फक्त मालवणकर' हे धोरण पर्यटन जिल्ह्याला परवडणारं नाही. ज्या पर्यटकावर आपण जगतो त्याला त्या दिवशी जेटीवर अडवणार?

दांडीवरची

प्रात्यक्षिक? रापणीचा दोर ओढताना तळहाताची साल निघते हो. दोन्ही टोकांना माणसं लागतात, तासन् तास दोर येत राहतो, आणि शेवटी जाळ्यात जे निघेल त्याची वाटणी होते. कधी टोपल्या भरतात, कधी नुसता केर आणि जेलीफिश. तुमचे पाहुणे शेवटच्या दहा मिनिटांत दोर धरून फोटो काढतात आणि वर विचारतात, 'ह्यातली सुरमई कितीला?' फोटोला माझी ना नाही, पण त्याला गावाचा उत्सव म्हणू नका.

आणि मार्गशीर्षात जेवणाचे स्टॉल लावताना गुरुवार बघा. अर्ध्या गावच्या बायका उपाशी आणि तुम्ही तिसऱ्या म्हणजे शिंपल्या आणि कोळंबीचा घमघमाट सोडणार.

वद्य द्वितीया

2023 च्या नौदल दिनाचं नाव काढलंत म्हणून. त्याच 4 डिसेंबर 2023 ला राजकोट किल्ल्यावर महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. नऊ महिनेही नाहीत. समोर 1664 चा पाया अजून लाटा खातो आहे. दिवस गाठण्यासाठी काम उरकायचं हे आपण एकदा बघितलंय. त्यामुळे 'महोत्सव', 'शो' असे शब्द ऐकले की मला आधी निविदा दिसते, मग उत्सव.

शिवाय किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, आता जागतिक वारसाही आहे. आत पंगत, दिवे, ध्वनिक्षेपक यांतलं काहीही परवानगीशिवाय करता येणार नाही, आणि यावं असं मलाही वाटत नाही.

तारकर्ली रोड

पुतळ्याचं दुःख मलाही झालं. पण म्हणून गावाने काहीच करायचं नाही? उत्सव मोठा झाला तर रस्ता होईल, जेटी सुधारेल, शौचालयं होतील. सरकारी पैसा गावात यायला काहीतरी निमित्त लागतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, फक्त लिहायला कुणी तयार नाही.

बंदरावरचा

शौचालयासाठी महाराजांचा दिवस कशाला वेठीला धरता? त्यासाठी नगरपालिका आहे.

माझा मुद्दा पुन्हा मांडतो. नारळी पौर्णिमा दर्याची, पालखी रामेश्वराची, जत्रा ज्या त्या देवीची. तिन्ही हव्यात. पण या गावात राहतो एवढ्याच कारणाने सगळ्यांना एकत्र यायला एकही दिवस नाही, आणि ज्या किल्ल्यामुळे जग आपल्याला ओळखतं तिथे आपण सोडून सगळे जातात.

तारखेवर अडायचं नसेल तर दुसरी वाट आहे. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते. मेअखेर थांबते ती सप्टेंबरात, हवा बघून, पुन्हा सुरू होते. तो पहिला दिवस आपला. पर्यटक तेव्हा तुरळक असतात, त्यामुळे होम-स्टेवाल्यांचं काही बुडत नाही. पावसाने तट हिरवा झालेला असतो. 2026 मध्ये गणपती 14 सप्टेंबरला आहेत, म्हणजे त्या सुमाराला चाकरमानीही गावात. तिकीट, पत्रिका काही नाही. चार वाड्यांची पोरं, म्हातारी माणसं होडीत घालून नेऊया. यंदा एवढंच.

दादरचो चाकरमानी

ह्या जमात. गणपतीच्या रजेत एक दिवस माझो.

देऊळवाडा

गणपतीच्या धामधुमीत घर सोडून किल्ल्यावर कोण येणार? आणि कौलाचं काय झालं?

होडी नं. सांगत नाही

इतका वेळ वाचत होतो. माझी होडी किल्ल्याला लागते म्हणून लिहितो. पावसाळ्यात तीन-चार महिने होडी वर ओढून शाकारलेली, म्हणजे झाकून ठेवलेली असते. बाहेर काढायची तर रंग, डागडुजी, इंजिन, कागदपत्रं, सगळा खर्च आधी होतो. पहिला दिवस गावासाठी फुकट म्हणताय, हरकत नाही. पण डिझेल कोण घालणार? सप्टेंबरात किल्ल्याजवळ पाण्याला ओढ असते. म्हाताऱ्या माणसांना चढ-उतार करायला दोन्ही बाजूंना धरणारे हवेत, प्रत्येकाला जॅकेट हवं, आणि वारा फिरला तर त्या दिवशी होडी सुटणार नाही. मग तुमचा स्थापना दिन दुसऱ्या दिवशी होईल की पुढच्या वर्षी?

बंदरावरचा

दुसऱ्या दिवशी. नाहीतर तिसऱ्या. डिझेलचं आपण जेटीवर बसून बोलूया. दांडीवरच्या ताई, तुमच्या वाडीतली धरणारी पोरं मिळतील का?

दांडीवरची

पोरं मिळतील. पण त्या दिवशी बांगडा लागला तर नाही मिळणार, हे आत्ताच सांगते.

वद्य द्वितीया

करा खुशाल, मीही येईन. पण हा होडी सुटण्याचा दिवस झाला. मालवणची स्थापना कधी झाली ते या सगळ्यात अजून कुणी दाखवलेलं नाही.