वरून काढलेला फोटो मिनिएचरसारखा का दिसत नाही?

तिरपीचौकट:
खरं दृश्य खेळण्यातल्या छोट्या मॉडेलसारखं दिसावं (मिनिएचर) म्हणून मुंबईच्या मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातून गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा फोटो काढलाय. फोन, १२ मेगापिक्सेल, संध्याकाळी पाचची वेळ. स्नॅपसीड या फोनवरच्या अ‍ॅपच्या लेन्स ब्लरमध्ये (धूसर करायची सोय) सरळ पट्टा घेऊन वर-खाली धूसर केलं. मॉडेलचा भास काही होत नाही, लेन्सला तेलकट बोट लागल्यासारखं दिसतं. वर आकाश आहे, उंच इमारतींचे माथे विरघळलेत. ब्लर किती ठेवायचा, की फोटोच चुकीचा निवडलाय? फोटोशॉप नाही, गिंप (फुकट मिळणारा फोटो-संपादनाचा प्रोग्राम) आहे.

माळवद:
फोटोच बदला. दिवाळीतल्या किल्ल्याचा फोटो आपण उभ्यानं, वरून घेतो. त्यात क्षितिज येत नाही. पार्क उंचावर असला तरी चौपाटी लांब आहे, त्यामुळे नजर जवळपास आडवीच जाते. कॅमेरा ३० ते ४५ अंश खाली झुकलेला हवा. दहावा मजला म्हणजे साधारण ३० मीटर. तिथून ३० ते ५० मीटरवरचा चौक घ्या, कोन आपोआप जमतो. बस, रिक्षा, झेब्रा क्रॉसिंग, छत्र्या असं ओळखीच्या मापाचं काहीतरी फ्रेममध्ये पाहिजेच.

ब्लरमागचं कारण असं: फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स, छिद्र एफ/८, वस्तू ४० सेंमीवर, तर जेमतेम अडीच-तीन सेंमी खोलीच स्पष्ट येते. तीच लेन्स साडेदहा मीटरवर फोकस केली की सव्वापाच मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट. म्हणून पातळ पट्टा दिसला की मेंदू 'वस्तू जवळ आहे, म्हणजे छोटी आहे' असं धरून चालतो. पट्टा उंचीच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकाच ठेवा. स्नॅपसीडमध्ये व्हिनेट (कडा गडद करणारी पट्टी) शून्यावर आणा, नाहीतर कडा काळवंडतात आणि सगळा बनाव उघडा पडतो.

गेरूचुना:
माथे विरघळण्याचं कारण वेगळं आहे. ब्लर अंतरानुसार वाढायला हवा आणि सरळ पट्टा तो फोटोतल्या उंचीनुसार वाढवतो. सपाट जमिनीवर दोन्ही एकच, पण इमारत उभी असते. पायथा आणि माथा कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, तेव्हा दोन्हींचा ब्लरही सारखाच हवा. नारळ, दिव्याचे खांब, होर्डिंग यांनाही हेच लागू.

गिंपमध्ये लेयरची (फोटोच्या थराची) प्रत काढा. वरच्या प्रतीत फक्त इमारत ठेवा, बाकीचं मास्कनं (भाग न पुसता लपवणारा पडदा) झाका. खालच्या लेयरवर क्लोन टूलनं (एका जागचं चित्र दुसरीकडे उमटवणारं साधन) इमारतीच्या जागी आजूबाजूचा रस्ता-झाडी भरा. भरलं नाही तर ब्लर करताना इमारतीचा रंग बाहेर झिरपतो आणि कडेला प्रभामंडळ उमटतं. मग खालच्या लेयरवर फोकस ब्लर, आकार आडवा, प्रकार लेन्स ब्लर. गॉसियन (साधा, सगळीकडे पसरणारा ब्लर) नको; त्यात दिवे आणि चकाकणाऱ्या टपांची गोल चकती होत नाही, नुसता धुरळा दिसतो. इमारतीचा पायथा पट्ट्यात असेल तर ती तशीच ठेवा, बाहेर असेल तर पायथ्याजवळ जेवढा ब्लर आहे तेवढाच सगळ्या इमारतीला द्या.

आधी फोटो २००० पिक्सेल रुंदीवर आणा, मग ब्लरची त्रिज्या १२ ते २० पुरते. उलट क्रमानं केलं तर लहान करताना ब्लर आक्रसतो.

माळवद:
एक भर. संपृक्तता (रंगांचा भडकपणा) २०-३० वाढवा, पण हिरवा वेगळा आवरा, झाडं प्लास्टिकची व्हायला वेळ लागत नाही. (काहींना तेच हवं असतं, तो भाग वेगळा.) धुरकट हवा मात्र आधी कर्व्ह्जनं (उजेड-अंधाराचा फरक वाढवणारं साधन) काढा; धुकं म्हणजे लांबचं, हे डोळा लगेच ओळखतो. पाऊस पडून गेल्यावरची हवा सगळ्यात सोयीची.

तिरपीचौकट:
इमारतींच्या लेयरची कटकट वाचवायला टिल्ट-शिफ्ट लेन्स (कॅमेऱ्यावर तिरपी करता येणारी) भाड्यानं घेतली तर?

गेरूचुना:
फार वाचत नाही. लेन्स वाकवली की फोकसचं प्रतल (जिथलं सगळं स्पष्ट येतं ती सपाट पातळी) तिरपं होतं आणि उंच इमारतीला आडवं छेदतं, म्हणजे माथा तिथेही धूसर. कॅननची २४ मिमी टीएस-ई (दुसरी आवृत्ती) ८.५ अंशांपर्यंत वाकते, परिणाम छान येतो. पण फोकस हातानंच करावा लागतो आणि पट्टा नंतर हलवता येत नाही. व्हिडिओ करणार असाल तर विचार करा. तेव्हा सेकंदाला एक फ्रेम, शटर १/५०० सेकंदाच्या आसपास आणि नंतर सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगानं चालवा. गाड्या पुसट न होता किंचित झटके देत धावल्या पाहिजेत. ट्रायपॉडचं डोकं घट्ट आवळा. गच्चीवरच्या वाऱ्यानं कॅमेरा हलला तर पूर्ण चौक थरथरतो.