शब्दचर्चा: ‘नदीचा हक्क’ म्हणजे नक्की कुणाचा?

थडीकर: आमचं गाव गेवराईकडचं. गंगेतल्या आसरांच्या डोहाजवळची वाळू उपसू नये, असा ठराव ग्रामसभेपुढं ठेवायचाय. (आमच्याकडं गंगा म्हणजे गोदावरी, आणि आसरा म्हणजे डोहातल्या सात जलदेवता.) मसुद्यात ‘नदीचा हक्क’ लिहिलं, तर पहिलाच प्रश्न आला, “म्हणजे आपल्याला पाणी किती मिळणार?” दुसरा शब्द सुचवा.

व्याकरणवेडा: तसं विचारणारच. जायकवाडीपायी ‘हक्काचं पाणी’ मराठवाड्यात घरोघरी गेलंय. नाशिक-नगरच्या धरणांतून नाथसागरात पाणी सोडायचं का, यावर तुटीच्या वर्षी वाद ठरलेला. हक्क माणसाचा आणि पाणी वाटून घ्यायचं, हे डोक्यात पक्कं बसलंय. त्यात ‘चा’ दोन्हीकडं लागतो: ‘मुलीचा हक्क’ मुलीला असतो, ‘पाण्याचा हक्क’ पाण्यावर असतो. ‘नदीला हक्क आहे’ असं लिहा, घोळ मिटेल. ‘अधिकार’ मात्र नको, तो खुर्चीवरच्या साहेबाचा वाटतो.

वकीलदादा: कायद्यातला शब्द ‘विधिक व्यक्ती’, म्हणजे माणूस नसूनही कायदा जिला व्यक्ती मानतो ती. इक्वाडोरनं २००८ च्या राज्यघटनेतच निसर्गाचे हक्क मान्य केले. न्यूझीलंडनं २०१७ मध्ये कायदा करून वांगानुई नदीला व्यक्तीचा दर्जा दिला, तिच्या वतीनं बोलायला दोन माणसं नेमायची सोय केली. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेला असाच दर्जा दिला, पण जुलैत सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. तेव्हा ठरावानं नदी विधिक व्यक्ती होईल असं गावाला सांगू नका. गावाची हरकत नोंदली जाते, तीही मोलाची आहे. समजवताना देवस्थान इनामाचं उदाहरण द्या. जमीन देवाची, पुजारी वहिवाटदार. देव बोलत नाही, तरी त्याच्या नावानं दावा चालतो. हे आपल्याकडं सगळ्यांना कळतं.

रुक्मिणीकाकू: आमच्या आजीच्या तोंडी ‘हक्क’ नव्हता, ‘मान’ होता. डोहाच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड, त्यांना खण-नारळ, हिरव्या बांगड्या. तिन्हीसांजेला आसरा न्हायला येतात, तेव्हा कुणी पाण्यात उतरायचं नाही, आणि त्या डोहात जाळं कधीच टाकायचं नाही. चैत्र-वैशाखात पात्र आटलं की मासळी त्या खोल पाण्यातच तगायची. तिथं जाळं पडत नव्हतं म्हणून मृगाच्या पाण्याला पुढची वीण उरायची. गोष्टीत नियम असा मुरलेला होता. ठराव वाचण्याआधी गावातल्या म्हाताऱ्यांना ही गोष्ट सांगू द्या, लोक ऐकतील. पण ‘अमकीला आसरांनी धरलं’ हा भाग कुणी काढला तर तिथंच थांबवा. त्या नावाखाली बायकांचे फार हाल झालेत.

थडीकर: काकू, पटलं. पहिलं वाक्य असं केलंय: ‘गंगेला वाहण्याचा, तिच्या डोहांना खोल राहण्याचा आणि तिची वाळू तिच्या अंगावर असण्याचा हक्क आहे.’ ‘अंगावर’ ठेवू की ‘पात्रात’?

वकीलदादा: ‘पात्रात’. महसूलच्या कागदांत तोच शब्द असतो. ‘अंगावर’ काकूंच्या गोष्टीत राहू द्या.