शब्दचर्चा: ‘सिरियलायझेशन’ला मराठीत काय म्हणावं?

लातूर: पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या पोरांना जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या सिरियलायझेशन लायब्ऱ्यांचा वेग आणि आकार कसा मोजायचा ते मराठीतून शिकवायचं आहे. ‘मालिकीकरण’ म्हटलं की त्यांना टीव्हीवरची मालिका आठवते. दुसरा शब्द सुचवा.

परभणी: ‘क्रमिकीकरण’ अर्थाला धरून आहे, सर. मेमरीत विखुरलेलं ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा गठ्ठा, एकामागं एक बाइट लावून पाठवायचं, म्हणजे क्रम आलाच. बोलायला मात्र लई जड.

जालना: आमच्या घरी अडत आहे, मी कोड लिहितो. मला ‘पोतं भरणं’ आणि ‘पोतं सोडणं’ हेच जवळचं वाटतं. त्यासोबत ‘बारदाना’ही घ्याच. तूर काट्यावर चढली की बारदान्याचं वजन वजा होतं. जावाचं स्वतःचं सिरियलायझेशन, जेडीके (जावाचा विकास-संच) 1.1 पासूनचं, क्लासचं (ऑब्जेक्टच्या साच्याचं) नाव, फील्डांची (त्यातल्या कप्प्यांची) नावं, त्यांचे प्रकार असं सगळं मालासोबत लिहितं. हा बारदाना. क्रायो या दुसऱ्या लायब्ररीत क्लास आधी नोंदवला तर नावाऐवजी छोटा आकडा जातो. प्रोटोबफ या गुगलच्या पद्धतीत फील्डचा क्रमांक जातो, नावं दोन्हीकडच्या प्रोटो फाइलीत (रचना लिहिलेल्या फाइलीत) असतात. त्यामुळं एकच छोटं ऑब्जेक्ट मोजलं तर जावाचं पोतं फारच जड दिसतं. त्याच क्लासची दहा हजार ऑब्जेक्टं एका स्ट्रीममध्ये लिहा, क्लासचं वर्णन एकदाच जातं. किती माल मोजला ते न सांगता निकाल लावणं म्हणजे काटा मारणं.

लातूर: बारदाना घेतला! ‘बेंचमार्क’ला, म्हणजे वेग मोजून तुलना करण्याला, ‘मापदंड’ चालेल?

नांदेड: नको, दादा. मापदंड ही पट्टी झाली, आपल्याला कृती सांगायची आहे. ‘कसोटी’ सोन्याचा कस सांगते, वेग नाही. मी ‘तुलनामोजणी’ म्हणेन. ‘वॉर्म-अप’ला, म्हणजे मोजणीआधीच्या तयारीच्या फेऱ्यांना, मात्र आपल्याकडचाच शब्द आहे: ‘पहिलं पाणी सोडणं’. बोअर सुरू केली की आधी गढूळ पाणी येतं, ते कुणी हंड्यात भरत नाही. जेव्हीएमही (जावा चालवणारं यंत्र) सुरुवातीला बाइटकोड एकेक सूचना वाचत चालवतं, वारंवार लागणारा कोड त्यातला जेआयटी कंपायलर नंतर मशीन कोडमध्ये बदलतो. म्हणून जेएमएच हे जावाचं मोजणीचं साधन आधीच्या फेऱ्यांचे आकडे निकालात धरत नाही.

परभणी: ‘पहिलं पाणी’ पटलं. क्रमिकीकरण मी मागं घेतो.

लातूर: एक राहिलं. ‘ट्रान्झिअंट’ फील्ड पोत्यात भरतच नाहीत, समोरच्यानं पोतं सोडलं की ती जागा रिकामी. ‘क्षणिक’ म्हणू?

जालना: ‘बियाण्याची’ म्हणा. पेरणीपुरती तूर घरीच राहते, मोंढ्यात येत नाही.