शेतकरी होते तरी किती?

वर कुणीतरी विचारलंय, पॅटागोनियात (अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडे) गेलेल्या वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या, लोकांची सुरुवातीची पिकं वाया कशी गेली, शेती येत नव्हती का? अहो, त्यात खाणकामगार आणि कारागीरच जास्त! 1865 च्या मेअखेर लिव्हरपूलहून 'मिमोसा' जहाजातून दीडशेच्या आसपास माणसं निघाली. जुलैअखेर उतरली ती ऐन थंडीत, आणि किनाऱ्यावर प्यायला गोडं पाणी नाही. चुबुत नदीचं खोरं तिथून साठेक किलोमीटरवर, वाटेत नुसतं कोरडं माळरान.

पावसाच्या भरवशावर पेरणं हीच मुळात चूक. 1867 मध्ये नदी काठोकाठ भरलेली असताना त्यांच्यातल्या ॲरन जेन्किन्सने काठ खणून पाणी वावरात घेतलं (डोकं बायकोचं, रेचलचं, असं सांगतात), आणि गहू तरारला. मग पाटच पाट.

तोवर तग धरला तो अर्जेंटिना सरकारचा शिधा आणि तिथल्या मूळ रहिवासी तेवेल्चे लोकांच्या जोरावर. पाव द्यायचा, ग्वानाकोचं (उंटाच्या कुळातला तिथला रानटी प्राणी) मांस घ्यायचं. शिकारही त्यांनीच शिकवली.

आणि निव्वळ जमिनीच्या हावेपोटी गेले म्हणाल तर पटत नाही. इंग्रजीच्या रेट्यातून वेल्श भाषा वाचवायची होती त्यांना.