फ्रँक स्प्रेग : इंजिनियर पक्का, धंद्यात कच्चा?

काठावरचा :
एडिसन, टेस्ला, वेस्टिंगहाउस यांच्यावर मराठीत भरपूर वाचायला मिळतं. त्यांच्याच काळातल्या फ्रँक स्प्रेगबद्दल मात्र एखाद-दुसरी ओळ. १८५७ साली अमेरिकेत जन्म, नौदलाचं शिक्षण, थोडे दिवस एडिसनकडे नोकरी, मग स्वतःची कंपनी. ती विकली. दुसरी काढली, तीही विकली. म्हणजे गडी हुशार, पण धंदा जमला नाही, असं समजायचं का? ट्रॅक्शनमधलं, म्हणजे विजेवर गाड्या चालवण्याच्या कामातलं, कुणी असेल तर सांगा.

निवृत्त शेडवाला :
कच्चा कसला! उलट जरा जास्तच धीट. माझी नोकरी ट्रॅक्शन मोटरींच्या दुरुस्तीत गेली, तेव्हा माझं मत त्याच्या बाजूने झुकणारच.

१८८७ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये विजेच्या ट्रामचं काम त्याने घेतलं. अटी बघा : १२ मैल मार्ग, ४० गाड्या, ८० मोटरी, वीजघर, ओव्हरहेड तार, सगळं ९० दिवसांत. काम पसंत पडलं तरच १,१०,००० डॉलर. सही केली तेव्हा रूळसुद्धा पडले नव्हते आणि हातात मोटरीचे आराखडे तेवढे होते. काही ठिकाणी चढ असा, की दहा फूट पुढे गेलं की एक फूट वर. त्यात स्वतः टायफॉइडने आडवा. मुदत हुकली, पदरचे पैसे घालावे लागले, पण २ फेब्रुवारी १८८८ ला ट्राम रीतसर धावायला लागली.

खरी करामत मोटर टांगण्यात आहे. डब्यात मोटर ठेवून साखळीने चाक फिरवलं तर साखळी घसरते, तुटते. मोटर थेट आसावरच बसवली तर रुळाच्या प्रत्येक सांध्याचा दणका तिला. स्प्रेगने मोटरीची एक बाजू बेअरिंगने आसावर धरली, दुसरी गाडीच्या चौकटीला स्प्रिंगवर टांगली. चाक उसळलं की मोटर आसाभोवती किंचित डोलते, पण पिनियन (मोटरीच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) आणि आसावरचा मोठा गिअर यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. आम्ही याला नोज सस्पेन्शन म्हणतो. पिनियनच्या दातांवर घासल्याचा पट्टा दिसतो ना, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा असला की समजायचं सगळं ठीक. एकाच कडेला चढला असेल तर आधी मोटर आसावर धरणारं सस्पेन्शन बेअरिंग तपासायचं.

तिरकस :
मोटर मान्य. पण सामान तो एडिसनच्याच कारखान्यांतून बनवून घ्यायचा. पेटंट आपलं आणि कारखाना दुसऱ्याचा, म्हटल्यावर काय होणार? १८९० मध्ये एडिसन जनरल इलेक्ट्रिकने कंपनी गिळली आणि यंत्रांवरचं त्याचं नावही उडवलं.

निवृत्त शेडवाला :
नाव उडवलं हे खरं, आणि तो राग त्याने शेवटपर्यंत धरला. पण तोवर शंभराहून जास्त विद्युत रेल्वे त्याच्या पद्धतीने तयार झाल्या होत्या किंवा हाती घेतल्या होत्या. आणि विकून तो घरी बसला नाही. १८९२ मध्ये लिफ्टची कंपनी काढली, ती १८९५ मध्ये ओटिसला विकली. मोठी कल्पना त्याला या लिफ्टांच्या कामात सुचली : एका जागेवरून बऱ्याच लिफ्ट चालवता येतात, तर रेल्वेचे डबे का नाही?

काठावरचा :
म्हणजे ईएमयू, आपल्या लोकलसारखी डब्यांतच मोटरी असलेली गाडी?

निवृत्त शेडवाला :
तेच. इंजिनाने ओढायचं म्हटलं तर रुळावर पकड फक्त इंजिनाच्या चाकांची. त्याने डब्याडब्याला मोटरी आणि ज्याचा त्याचा कंट्रोलर (मोटरींना जाणारी वीज कमी-जास्त करणारं यंत्र) दिला. मोटरींचा करंट डब्यातल्या डब्यात, गाडीभर फिरतात त्या फक्त कंट्रोलच्या बारीक तारा. कुठल्याही कॅबमधला मास्टर कंट्रोलर फिरवा, सगळे डबे एकदम हलतात. शेवटच्या स्टेशनवर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायची कटकटच नाही.

शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड या खांबांवरून धावणाऱ्या रेल्वेसाठी १८९७ मध्ये त्याने हे काम घेतलं, तेही एक लाख डॉलरचा जामीन भरून! जुलैमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला चाचणी झाली, तेव्हा सहा डब्यांची गाडी त्याच्या दहा वर्षांच्या पोराने चालवून दाखवली. याहून चांगली जाहिरात कुठल्या व्यापाऱ्याला सुचली असती? १९०२ मध्ये या कामाची त्याची कंपनीही जनरल इलेक्ट्रिकने घेतली. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनचा तिसरा रूळ (गाडीला वीज पुरवणारा) हे प्रकरण पुढचं. हवं असेल तर वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.