लॅव्हेंडर थेट मानेला चोळू नका
झोप यावी म्हणून लॅव्हेंडरच्या फुलांच्या अर्काचे, म्हणजे सुगंधी तेलाचे, चार थेंब थेट मानेला चोळले आणि दुसऱ्या दिवशी लाल चट्टे उठले, असं तुम्ही लिहिलंय. तेल भेसळीचं असेलही, पण अस्सल तेलानेही हेच होऊ शकतं. हे अर्क फार तीव्र असतात, नुसते अंगाला लावायचे नसतात. ३० मिली तिळाच्या किंवा खोबरेल तेलात साधारण १२ थेंब, म्हणजे जेमतेम दोन टक्के, मोठ्या माणसाला पुरतात. नाजूक कातडी असेल तर सहाच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

लॅव्हेंडरची ख्याती झाली ती गातफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञामुळे. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात तो भाजला, जखमा चिघळल्या तेव्हा त्याने हे तेल वापरलं. म्हणून आपणही भाजल्यावर तेच ओतावं असं नाही हं!

आई गुडघ्यांना तीळतेल लावते. स्टीलची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करायचं, आच बंद केल्यावर निलगिरीचे दोन-तीन थेंब. आराम तिला पडतो, पण मला विचाराल तर निम्मं श्रेय चोळणाऱ्या हातांचं. झीज काही भरून येत नाही.

आणि घरात तान्हं बाळ असेल तर निलगिरी, कापूर त्याच्या नाकाजवळ नेऊच नका. बाटलीही वरच्या फळीवर. पोटात गेलं तर झटके येऊ शकतात.

चट्टे ओसरेपर्यंत मानेला काहीच लावू नका. वाढले तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.