मदत हवी आहे: जँगोमधले पाथ विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे कसे चालवायचे?

मंडळी, जँगोवाल्यांनी (पायथनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) जरा बघा. एक जुना प्रोजेक्ट गळ्यात पडलाय. सेटिंग्जमध्ये टेम्प्लेट, मीडिया (अपलोड झालेल्या फाइल्स), डेटाबेस सगळ्यांचे पाथ सी ड्राइव्हपासून ठोकलेत, तेही साध्या कोट्समध्ये उलटा स्लॅश देऊन, म्हणजे templates च्या जागी पायथन स्लॅश आणि टी मिळून चक्क टॅब धरतो. अ‍ॅप्सच्या आतले टेम्प्लेट सापडत होते म्हणून आजवर निभावलं असणार.

ते सगळं काढून जँगो 3.1 पासून नवीन प्रोजेक्टमध्ये येतं तसं पाथलिबचं (पाथ हाताळणारी पायथनची लायब्ररी) बेस डिर, म्हणजे प्रोजेक्टचं मूळ फोल्डर घेतलं, सेटिंग्ज फाइलपासून दोनदा पेरंट, म्हणजे दोन पायऱ्या वर. चाललं. मग लोकल आणि प्रॉडक्शन वेगळं हवं म्हणून सेटिंग्जचं फोल्डर केलं तर लॉगिनला 'नो सच टेबल: ऑथ यूजर'! बघतो तर आतल्या फोल्डरमध्ये शून्य केबीची नवीकोरी एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल. तिसरा पेरंट लावल्यावर गाडी रुळावर आली, पण हे पेरंट मोजत बसणं बरोबर आहे का? आणि सर्व्हरवर मीडिया प्रोजेक्टच्या बाहेर ठेवायचाय, ते कसं करता? अजून एक, सीएसव्ही वाचणारी कमांड हाताने चालते, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा लिनक्सचा प्रोग्राम) 'फाइल नॉट फाउंड'.

उत्तर: मोजा की, त्यात काय वावगं नाही, फक्त बेसच्या, म्हणजे सामाईक सेटिंग्जच्या फाइलमध्ये एकदाच मोजा, बाकी ठिकाणी तिथून इम्पोर्ट. पुढचं नाव जोडताना सरळ स्लॅशचं चिन्ह वापरा, जुन्या सवयीने अधिकचं चिन्ह टाकलंत तर टाइप एरर येणारच. मीडिया रूट (मीडियाच्या फोल्डरचा पाथ) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडच्या बाहेर सर्व्हरवर ठेवलेल्या सेटिंगमधून घ्या, नसेल तर बेस डिरमधलं मीडिया फोल्डर. इमेज फील्ड डेटाबेसमध्ये मीडिया रूटच्या पुढचाच पाथ ठेवतं, त्यामुळे फाइल्स हलवल्या तरी जुन्या नोंदींना धक्का नाही. क्रॉन तुमच्या प्रोजेक्टमध्ये नाही, युजरच्या होम फोल्डरमध्ये उभा असतो, म्हणून सीएसव्हीचा पाथपण बेस डिरपासूनच द्या. आणि फाइलनावांची कॅपिटल-स्मॉल अक्षरं बघून घ्या, विंडोज चालवून घेतं, लिनक्स नाही.

धागाकर्ता: क्रॉनचं सुटलं, आभार! लोगोपण फाइलनावातल्या त्या कॅपिटल पीएनजीमुळेच गायब होता. आता नवीन कटकट, मीडिया बाहेर नेल्यावर अपलोडला 'परमिशन डिनाइड'. फोल्डर रूटच्या नावावर आहे, गुनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर) दुसऱ्या युजरने चालतं. नुसता मालक बदलला की झालं, की फाइल्स ब्राउझरला देणाऱ्या एनजिनएक्स वेब सर्व्हरसाठी ग्रुपपण बघावा लागेल?